मकाक माकडाच्या जठराच्या अस्तरातील पेशी फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली कशा ओळखाव्यात : नमुन्यापासून मोजणीपर्यंत

जठराच्या अस्तराचे काप रंगवून पेशी ओळखण्याचे काम बहुतेक जण उंदराच्या ऊतीवर शिकतात आणि तीच कृती पुढे मकाक माकडाच्या ऊतीवर जशीच्या तशी वापरतात. सर्वाधिक चुका तिथेच होतात. इंट्रिन्सिक फॅक्टर हे प्रथिन उंदरात चीफ पेशींत (पेप्सिनचे पूर्वरूप पेप्सिनोजेन बनवणाऱ्या) असते, तर माणसात आणि माकडात ते परायटल पेशींत (आम्ल बनवणाऱ्या) असते. उंदरावरच्या कृतीतली ही खूण (पेशीचा प्रकार दाखवणारे प्रथिन) घेऊन मकाकच्या ग्रंथीतल्या चमकणाऱ्या पेशी ‘चीफ पेशी’ म्हणून मोजल्या, तर हाती येणारा आकडा मुळात परायटल पेशींचा असतो. चित्र सुंदर असते, पार्श्वभूमी स्वच्छ असते आणि निष्कर्ष मात्र पूर्ण उलटा निघतो.

म्हणून पुढच्या सर्व टप्प्यांना एकच नियम लागू आहे. जठराचा कोणता भाग आहे, पेशी ग्रंथीत कोणत्या उंचीवर आहे, तिचा आकार आणि केंद्रकाची जागा काय आहे आणि कोणती खूण चमकते आहे, या चारही गोष्टी जुळल्याशिवाय पेशीला नाव देऊ नये. चमक हा या चारांपैकी फक्त एक पुरावा आहे.

टप्पा १ : परवानगी आणि सुरक्षितता

प्रायमेटची ऊती वापरण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि भारतात सीसीएसईएची (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीची) आवश्यक ती परवानगी हाती असावी. शक्य असेल तिथे दुसऱ्या कारणासाठी आधीच ठरलेल्या शवविच्छेदनातून नमुना मिळवावा. केवळ रंगकामाचा सराव व्हावा म्हणून प्राणी मारणे मला समर्थनीय वाटत नाही.

इशारा : मकाक जातीच्या माकडांत बी विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा त्रास क्वचितच दिसतो, पण माणसाला झालेला संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. स्थिरीकरण (रसायनाने ऊती जशीच्या तशी टिकवणे) न झालेली प्रत्येक ऊती संसर्गजन्य समजूनच हाताळावी. दुहेरी हातमोजे, चेहरा पूर्ण झाकणारे कवच आणि जैवसुरक्षा कक्ष यांना पर्याय नाही. कापले किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर ती जागा ताबडतोब, किमान १५ मिनिटे सतत धुवावी आणि त्याच वेळी वैद्यकीय मदत बोलवावी. गोठवलेल्या, स्थिरीकरण न केलेल्या ऊतीचे क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या ऊतीचे काप घेणाऱ्या यंत्रावर) काप घेणे टाळावे, कारण त्यात पात्याचा धोका आणि उडणाऱ्या कणांचा धोका एकत्र येतात.

टप्पा २ : नमुना घेणे आणि जागेची नोंद

मृत्यूनंतर जठरातले आम्ल आणि पेप्सिन स्वतःच्याच अस्तरावर काम करू लागतात, त्यामुळे इथे वेळेचे महत्त्व इतर अवयवांपेक्षा जास्त आहे. पहिल्या १५ ते २० मिनिटांत जठर उघडून स्थिरीकरणाच्या द्रावणात जायला हवे. उशीर झाल्यास पृष्ठभागावरच्या श्लेष्मल पेशी आधी गळून पडतात आणि नंतर ‘पृष्ठभागावर खूण चमकत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जठर मोठ्या वक्राच्या बाजूने उघडावे. आतील अन्न थंड बफरच्या हलक्या धारेने काढावे. गॉझने पुसू नये, बोटाने घासू नये. उघडलेले जठर श्लेष्मल बाजू वर करून मेणाच्या किंवा बुचाच्या पाटीवर टाचण्यांनी बसवावे. ते न सुरकुतण्याइतके ताणावे, पण ग्रंथी आडव्या पडतील इतके ताणू नये. त्यानंतर छायाचित्र घेऊन प्रत्येक तुकडा कार्डिया (अन्ननलिकेजवळचा भाग), फंडस (वरचा फुगीर भाग), कॉर्पस (मुख्य भाग) की अँट्रम (आतड्याकडचा भाग) यांपैकी कुठून घेतला ते त्या छायाचित्रावरच लिहावे. ‘जठर, तुकडा ३’ एवढीच नोंद असलेल्या ब्लॉकमधून पुढे काहीही खात्रीने सांगता येत नाही. अँट्रमच्या ग्रंथींत परायटल पेशी मुळातच कमी असतात, त्यामुळे जागा माहीत नसेल तर ‘कमी’ म्हणजे आजार की फक्त जागा वेगळी, हे ठरवायला आधारच उरत नाही.

उंदराच्या जठराचा पुढचा भाग ग्रंथीविरहित, त्वचेसारख्या अस्तराचा असतो. मकाकमध्ये तसा भाग नसतो आणि त्याच्या जठराचा नकाशा माणसाच्या बराच जवळचा आहे. मात्र ‘प्रायमेट’ या एका शब्दावर विसंबून हा नकाशा सगळ्या माकडांना लावू नये. आपल्याकडे सर्वत्र दिसणारे वानर, म्हणजे लंगूर, पाने आंबवून पचवणारे आहे. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते आणि या लेखातल्या जागा तिथे लागू पडत नाहीत.

टप्पा ३ : स्थिरीकरण आणि ब्लॉक

नेहमीच्या कामासाठी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन पुरते. ऊतीच्या १० ते २० पट द्रावण घ्यावे, तुकड्याची जाडी ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि खोलीच्या तापमानाला सुमारे २४ तास ठेवून तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा. शुक्रवारी फॉर्मालिनमध्ये टाकून सोमवारी काढलेल्या ऊतीत काही प्रतिजन (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ती प्रथिने) इतके झाकले जातात की पुढे कितीही उकळले तरी ते उघडे होत नाहीत. पृष्ठभागावरचा श्लेष्माचा थर जसाच्या तसा टिकवायचा असेल तर फॉर्मालिन योग्य नाही. त्यासाठी कार्नॉयसारखे पाणीविरहित स्थिरीकरण लागते.

मेणात बसवताना तुकडा कडेवर उभा ठेवावा, म्हणजे कापात पृष्ठभागापासून तळापर्यंतची पूर्ण ग्रंथी एका रेषेत मिळते. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाईत नेमके तेच बिघडते. तिरक्या कापात ग्रंथीचा तळ आणि मान शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे चार पुराव्यांपैकी ‘उंची’ हा पुरावा हातातून जातो. काप ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे घ्यावेत आणि चार्ज्ड स्लाइडवर बसवावेत.

तपासणी : प्रत्येक ब्लॉकचा पहिला काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून साध्या प्रकाशात पाहावा. ग्रंथीच्या मुखाशी असलेल्या खड्ड्यापासून मस्क्युलॅरिस म्युकोसीपर्यंत (अस्तराच्या तळाचा पातळ स्नायुथर) सलग दिसणाऱ्या ग्रंथी मिळत नसतील तर ब्लॉक वितळवून पुन्हा बसवावा. याच कापात दाह आहे का तेही पाहून घ्यावे. वसाहतींत वाढलेल्या मकाकांत हेलिकोबॅक्टरचा नैसर्गिक संसर्ग वारंवार आढळतो. त्यातले मोठे सर्पिल जीवाणू परायटल पेशींच्या नलिकांतही शिरलेले असतात आणि डॅपी (केंद्रके दाखवणारा, डीएनएला चिकटणारा निळा रंग) त्यांच्या डीएनएलाही रंगवते. अशा प्राण्याला ‘निरोगी नमुना’ म्हणून वापरणे चूक आहे.

टप्पा ४ : रंगांची जुळणी कागदावर करणे

अँटिबॉडीची बाटली उघडण्यापूर्वी हा टप्पा पूर्ण व्हावा. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या प्रयोगांपैकी बरेचसे इथेच फसलेले होते, पण ते कळले सूक्ष्मदर्शकापाशी.

पहिला प्रश्न अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात तयार झाली हा आहे. परायटल पेशींसाठी हायड्रोजन-पोटॅशियम एटीपेजच्या (आम्ल सोडणाऱ्या पंपाच्या) बीटा उपघटकावरची २जी११, पृष्ठभागाच्या श्लेष्मल पेशींसाठी म्यूसिन ५एसीवरची (म्यूसिन म्हणजे श्लेष्मातले प्रथिन) ४५एम१ आणि नेक पेशींसाठी (ग्रंथीच्या मानेतल्या श्लेष्मल पेशी) म्यूसिन ६वरची सीएलएच५ या तिन्ही परिचित अँटिबॉडीज उंदराच्या आणि एकाच उपवर्गाच्या, आयजीजी१ आहेत. त्या तिन्ही एकाच स्लाइडवर घालून उंदीरविरोधी दुय्यम अँटिबॉडी (आधी घातलेल्या प्राथमिक अँटिबॉडीला चिकटणारी, चमकणारा रंग जोडलेली) वापरली, तर तिन्ही पेशी एकाच रंगात चमकतील. म्हणून एका स्लाइडवर उंदराची एक, सशाची एक आणि थेट रंग जोडलेले एक लेक्टिन (शर्करेला चिकटणारे प्रथिन) अशी जुळणी करावी.

कॉर्पससाठी मी अशी जुळणी सुचवेन : एटीपेजवरची उंदराची अँटिबॉडी हिरव्या रंगात (४८८; हे आणि पुढचे आकडे रंग चेतवणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीचे, नॅनोमीटरमध्ये), पेप्सिनोजेन ए वरची सशाची अँटिबॉडी लाल रंगात (५५५ किंवा ५६८), जीएस-२ हे ग्रिफोनियाचे लेक्टिन दूर-लाल रंगात (६४७) आणि केंद्रकासाठी डॅपी. ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. परायटल पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यामुळे हिरव्या रंगात त्यांची स्वतःचीच चमक असते. तिथे पेप्सिनोजेनसारखी खूण ठेवली तर परायटल पेशीही पेप्सिनोजेन असल्यासारख्या दिसतात. एटीपेज मात्र त्या पेशींत इतके भरपूर असते की एक्स्पोजर खूप कमी ठेवता येते आणि ऊतीची स्वतःची चमक दिसेनाशी होते.

अंतःस्रावी पेशी विरळ असतात. त्यांची खूण कधीही हिरव्या रंगात ठेवू नये. तांबड्या रक्तपेशी आणि इओसिनोफिल हिरव्या आणि नारिंगी रंगांत सुट्या, विखुरलेल्या पेशींसारखे चमकतात आणि नवख्याला ते अंतःस्रावी पेशीच वाटतात. क्रोमोग्रॅनिन ए, गॅस्ट्रिन किंवा सोमॅटोस्टॅटिन (लेक्टिन नसलेल्या वेगळ्या स्लाइडवर) ६४७मध्ये ठेवावे.

पेप्सिनोजेन ए आणि सी यांतला फरक लक्षात ठेवावा. ए मुख्यतः कॉर्पसच्या ग्रंथींत असते, तर सी अँट्रममध्ये आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या ब्रुनर ग्रंथींतही आढळते. म्हणून फक्त सी चमकले म्हणजे ती चीफ पेशी, असे म्हणता येत नाही.

इशारा : जठरात बायोटिन-अव्हिडिन पद्धत टाळावी. परायटल पेशींत नैसर्गिक बायोटिन भरपूर असते आणि उष्णतेने प्रतिजन उघडताना तेही उघडे होते, त्यामुळे अँटिबॉडी नसतानाही परायटल पेशी चमकतात. लेक्टिन बहुधा बायोटिन जोडूनच विकले जाते. मागवताना रंग थेट जोडलेलेच मागवावे.

दुय्यम अँटिबॉडीबाबत मकाकच्या ऊतीत एक सोय आहे आणि एक अडचण. उंदराची प्राथमिक अँटिबॉडी उंदराच्याच ऊतीवर जो गोंधळ करते तो इथे होत नाही. मात्र मकाकचे इम्युनोग्लोब्युलिन माणसाच्या इम्युनोग्लोब्युलिनसारखेच असते, म्हणून दुय्यम अँटिबॉडी मानवी सीरमविरुद्ध शोषून शुद्ध केलेली असावी. नाहीतर लॅमिना प्रोप्रियातील (ग्रंथींमधल्या संयोजी ऊतीतील) प्लाझ्मा पेशी उजळतात. सर्व दुय्यम अँटिबॉडीज एकाच प्राण्याच्या, शक्यतो गाढवाच्या, आणि ब्लॉकिंगचे सीरमही त्याच प्राण्याचे असावे.

उंदरात चालणाऱ्या लेक्टिनांवरही आंधळा विश्वास नको. यूईए-१ हे लेक्टिन ज्या शर्करेला चिकटते ती प्रायमेटमध्ये रक्तगटाशी निगडित आहे. त्यामुळे दोन निरोगी मकाकांत ते वेगवेगळे रंगू शकते. पृष्ठभागाच्या पेशींसाठी म्यूसिन ५एसी जास्त भरवशाचे.

टप्पा ५ : नियंत्रणाच्या स्लाइड्स

पुढील स्लाइड्स प्रत्येक फेरीत, त्याच ब्लॉकमधून आणि त्याच दिवशी कराव्यात.

काहीही न घातलेली स्लाइड ऊतीची स्वतःची चमक दाखवते. प्राथमिक अँटिबॉडी वगळलेली स्लाइड दुय्यम अँटिबॉडी भलतीकडे चिकटते का ते दाखवते. प्रत्येक खुणेची एकेकटी स्लाइड एका रंगाची गळती दुसऱ्या रंगाच्या चॅनेलमध्ये होते का ते दाखवते. लेक्टिनसाठी दोन स्लाइड्स जास्त लागतात : एक फक्त लेक्टिनची आणि एक लेक्टिन आधी एन-ॲसिटिलग्लुकोसामिनमध्ये (ते ज्या शर्करेला चिकटते तिच्यात) मिसळून घातलेली. दुसऱ्या स्लाइडवरही चमक उरली तर ती शर्करेशी झालेली खरी जोडणी नाही. अँटिबॉडीज स्वतःच शर्करायुक्त प्रथिने आहेत आणि लेक्टिन त्यांनाही चिकटू शकते, म्हणून फक्त लेक्टिनच्या स्लाइडशी तुलना टाळू नये.

अँटिबॉडी ‘माणसात चालते’ असे पत्रकावर लिहिले असले, तरी मकाकवर ती स्वतः तपासावी. मानवी जठराचा काप सोबत ठेवावा आणि चार वेगवेगळ्या प्रमाणांत विरलन करून पाहावे. म्यूसिन ६साठी ब्रुनर ग्रंथी असलेला लहान आतड्याचा तुकडा ही उत्तम कसोटी आहे. त्या ग्रंथी चमकल्याच पाहिजेत.

टप्पा ६ : रंगवण्याचा क्रम

१. स्लाइड ६० अंशांवर ३० मिनिटे ठेवावी. झायलीनमध्ये तीन वेळा ५ मिनिटे, मग उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणावी.

२. सायट्रेट बफरमध्ये (१० मिलिमोलर, पीएच ६) ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे ठेवावी आणि त्याच बफरमध्ये २० ते ३० मिनिटे थंड होऊ द्यावी. गरम स्लाइड थंड पाण्यात टाकल्यास काप सुटतो. एखादी खूण सायट्रेटमध्ये क्षीण दिसली, तर पीएच ९च्या ट्रिस-ईडीटीएत तुलना करावी. मात्र मग साऱ्या स्लाइड्स त्याच बफरमध्ये कराव्यात.

३. बफरने धुऊन ०.२ टक्के ट्रायटनमध्ये १० मिनिटे.

४. १० टक्के गाढवाचे सीरम आणि १ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन, १ तास.

५. दोन्ही प्राथमिक अँटिबॉडीज एकत्र, ओलसर डब्यात, ४ अंशांवर रात्रभर. डबा सपाट आहे ना ते पाहावे. कलत्या डब्यात कापाची एक बाजू कोरडी पडते आणि ती कडा सर्व रंगांत उजळते.

६. तीनदा धुऊन दुय्यम अँटिबॉडीज, अंधारात १ तास. इथून पुढचे सगळे काम अंधारात.

७. पुन्हा नीट धुऊन जीएस-२ लेक्टिन, मिलिलिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम, १ तास. या लेक्टिनला कॅल्शियम लागते, म्हणून ते फॉस्फेट बफरमध्ये न घालता थोडे कॅल्शियम क्लोराइड असलेल्या हेपेस बफरमध्ये घालावे. द्रावणात सीरम नको. सीरममधली शर्करायुक्त प्रथिने लेक्टिन अडवून धरतात.

८. वयस्क प्राण्याच्या ऊतीत लिपोफ्युसिन (वयाबरोबर साठणारे, स्वतःच चमकणारे रंगद्रव्य) जास्त असेल तर ७० टक्के अल्कोहोलमधील ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी, १० मिनिटे. यानंतर कोणत्याही धुण्यात डिटर्जंट नसावा, तो सुदान ब्लॅक काढून टाकतो. सुदान ब्लॅकमुळे दूर-लाल रंगात पार्श्वभूमी वाढू शकते, म्हणून लेक्टिन ६४७मध्ये असेल तर आधी एका स्लाइडवर पाहावे.

९. डॅपी, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, ५ मिनिटे. नंतर चमक टिकवणारे माउंटिंग द्रावण आणि ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप. घट्ट होणारे द्रावण असेल तर रात्रभर सपाट ठेवावे.

तपासणी : चित्रे घेण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डॅपी पाहावे. केंद्रके धूसर, पसरलेली दिसली तर दोष स्थिरीकरणात आहे आणि बाकीचे रंग पाहण्यात वेळ घालवू नये. ६४७ची चमक डोळ्याला जवळपास दिसत नाही. ‘लेक्टिन लागलेच नाही’ असे कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय म्हणू नये.

टप्पा ७ : सूक्ष्मदर्शकाची मांडणी

सर्वाधिक उजळ स्लाइडवर प्रत्येक रंगाचे एक्स्पोजर असे ठरवावे की एकही पिक्सेल कमाल मर्यादेला भिडणार नाही. मग काहीही न घातलेली स्लाइड त्याच मांडणीत पाहावी. ती जवळपास काळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मांडणी बदलण्याऐवजी टप्पा ४ आणि ६कडे परत जावे. हे आकडे लिहून ठेवावेत आणि त्या फेरीतल्या प्रत्येक स्लाइडला तेच लावावेत. स्वयंचलित एक्स्पोजर बंदच असावे. ते रिकाम्या स्लाइडलाही उजळ करून दाखवते आणि नियंत्रणाची सगळी मेहनत वाया घालवते.

रंग एकामागून एक घ्यावेत, एकाच वेळी नव्हे. १०एक्सवर नकाशा, २०एक्सवर मोजणी. दोन खुणा एकाच पेशीत आहेत असा दावा करायचा असेल तर कॉन्फोकल आणि ६०एक्स किंवा ६३एक्सचे तेलाचे भिंग लागते. साध्या फ्लुओरेसन्समध्ये ५ मायक्रोमीटरच्या कापात वर-खाली आलेल्या दोन शेजारी पेशी एकच दुरंगी पेशी वाटतात.

टप्पा ८ : पेशीला नाव देणे

ग्रंथी वरून खाली वाचावी.

पृष्ठभागावर आणि खड्ड्यात उंच, स्तंभासारख्या पेशींची रांग असते. केंद्रक तळाशी, म्यूसिन ५एसी वरच्या अर्ध्या भागात साठलेले. लुमेनमध्ये (ग्रंथीच्या पोकळीत) मोकळा पडलेला श्लेष्माही या खुणेने चमकतो. केंद्रक नसेल तर ती पेशी नाही.

त्याखालच्या अरुंद पट्ट्यात, इस्थमसमध्ये, विभागणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात वरच्या कोणत्याही खुणा ठळक नसतात, म्हणून अनेक जण या पट्ट्याला ‘रंग न लागलेला भाग’ समजतात. केआय-६७ची (विभागणाऱ्या पेशींतल्या प्रथिनाची) वेगळी स्लाइड केली की शंका मिटते.

मानेत परायटल पेशींच्या मधल्या सांदीत दबलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी जीएस-२ने चमकतात. त्या नेक पेशी. हीच चमक अँट्रमच्या ग्रंथींत सर्वत्र दिसते, कारण तिथल्या श्लेष्मल ग्रंथींतही तीच शर्करा आहे. म्हणून अँट्रममधल्या जीएस-२ किंवा म्यूसिन ६ लागलेल्या पेशींना नेक पेशी म्हणू नये.

परायटल पेशी ओळखायला सर्वांत सोप्या : मोठ्या, गोल किंवा त्रिकोणी, केंद्रक मधोमध, एटीपेज पूर्ण पेशीद्रवात. उपाशी प्राण्यात चमक सर्वत्र पसरलेली असते, तर नुकतेच खाल्लेल्या प्राण्यात ती नलिकांच्या रेषांत गोळा झालेली असते. हा फरक दिसला की लोक दोन प्रकारच्या पेशी मोजू लागतात. पेशी एकच असते, अवस्था दोन. म्हणून प्राणी शेवटचा कधी जेवला याची नोंद शवविच्छेदनाच्या कागदावर हवी.

तळाशी चीफ पेशी : केंद्रक तळाकडे, वरच्या भागात पेप्सिनोजेन एचे दाणे. मान आणि तळ यांच्या सीमेवर काही पेशींत पेप्सिनोजेन आणि जीएस-२ दोन्ही दिसतात. त्या सीमेपुरते ते अपेक्षितच आहे. पण ग्रंथीच्या अगदी तळापर्यंत अशा दुरंगी पेशी पसरल्या असतील आणि त्याच ग्रंथींत परायटल पेशी विरळ झाल्या असतील, तर तो अस्तर बदलत असल्याचा इशारा आहे. अशा ग्रंथी सामान्य ग्रंथींच्या मोजणीत मिसळू नयेत.

अंतःस्रावी पेशी एकेकट्या आणि लहान असतात. क्रोमोग्रॅनिन ए फक्त ‘अंतःस्रावी’ एवढेच सांगते, प्रकार सांगत नाही. गॅस्ट्रिनच्या पेशी अँट्रममध्ये शोधाव्यात. कॉर्पसमध्ये त्या भरपूर दिसल्या तर आधी ब्लॉकची जागा आणि प्राथमिक अँटिबॉडी वगळलेली स्लाइड तपासावी. प्रत्येक संशयित पेशी हिरव्या रंगातही पाहावी. दोन्हीकडे सारखीच चमकली तर ती बहुधा रक्तपेशी किंवा इओसिनोफिल.

टप्पा ९ : मोजणी आणि नोंद

पूर्ण लांबीच्या ग्रंथीच मोजाव्यात आणि केंद्रक दिसणारी पेशीच मोजावी. परायटल पेशीचा व्यास सुमारे २० मायक्रोमीटर असतो. लागोपाठचे काप मोजले तर तीच पेशी पुन्हा पुन्हा मोजली जाते, म्हणून मोजायच्या कापांत किमान ५० मायक्रोमीटर अंतर ठेवावे. स्लाइडवरचे नाव झाकून मोजावे, आणि काही स्लाइड्स दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे मोजून घ्याव्यात.

संख्याशास्त्रात नमुन्याचे एकक प्राणी हे आहे, ग्रंथी नव्हे. ३ प्राण्यांच्या ९० ग्रंथी मोजल्या तर नमुन्याची संख्या ३ राहते. प्रायमेटच्या कामात प्राणी नेहमीच थोडे असतात आणि ग्रंथींचा मोठा आकडा लिहिण्याचा मोह होतो, पण त्यातून न झालेला फरक झालेला दिसतो.

प्रत्येक चित्रासोबत माकडाची जात, वय, लिंग, जठराचा भाग, मृत्यूपासून स्थिरीकरणापर्यंतची मिनिटे, अँटिबॉडीचा क्लोन आणि लॉट, विरलन, प्रतिजन उघडण्याचा बफर आणि एक्स्पोजर एवढे लिहावे, आणि काहीही न घातलेल्या स्लाइडचे त्याच मांडणीत घेतलेले चित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.